काजळी म्हणजे भेसळ नव्हे

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शुद्ध रबरच सर्वांत मजबूत, कंपन्या टायरमध्ये स्वस्तातली काजळी मिसळून आपल्याला फसवतात, खरं रबर पाण्यावर तरंगतं, त्यावरून भेसळ ओळखा, आणि काजळीऐवजी आपल्या नारळाचा काथ्या घातला तर टायर पोलादासारखा होईल, रबर लावणाऱ्या शेतकऱ्याचंही भलं होईल. या शेवटच्या वाक्यामागची तळमळ मला कळते. पहाटेच्या अंधारात रबराच्या झाडांचा चीक काढायला जाणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि त्या चिकापासून बनवलेल्या रबराच्या शीटला चांगला भाव मिळावा असं मलाही मनापासून वाटतं. पण रबर मिसळायच्या मिलवर माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

आधी मजबुतीचं बघू. यात अर्धं खरं आहे. एक रुंद रबरबँड झटकन ताणून लगेच ओठाला लावा, कोमट लागेल. ताणल्यावर नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्या एका दिशेला ओळीनं बसतात, त्यांचे बारीक स्फटिक तयार होतात आणि उष्णता बाहेर पडते. हेच स्फटिक चिरेला आडवे येतात. म्हणून गंधकानं पक्कं केलेलं नैसर्गिक रबर कसलीही भर (म्हणजे वरून मिसळलेली भुकटी) न घालता 20 मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) वर ताण सहज घेतं. टायरमध्ये वापरतात ते एसबीआर हे कृत्रिम रबर भर नसेल तर 2-3 मेगापास्कललाच तुटतं. कार्बन ब्लॅक, म्हणजे टायरमधली हीच काजळी, घातल्यावर ते जवळजवळ दहापट ताण घेतं. म्हणजे नुसत्या ताणाच्या बाबतीत नैसर्गिक रबराला काजळीची तेवढी गरज नाही, हे मान्य. पण टायरला कोणी ताणून तोडत नाही. टायर रस्त्यावर घासतो, खडीवर कापला जातो, भरलेल्या टिप्परचं वजन पेलतो. तोच रबरबँड चिऱ्यावर घासून बघा, बघता बघता त्याचा भुगा होईल. टायरच्या तुकड्याला तेवढ्या घासण्यानं फारसं काही होत नाही. हा फरक काजळीनं पडतो.

आता तीच काजळी. 1904 मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात मोट नावाच्या गृहस्थांना काजळीनं रबर मजबूत होतं ही गोष्ट सापडली. त्याआधी टायर फिकट रंगाचे असत. मिशेलिन या टायर कंपनीच्या जाहिरातीतला 1898 चा टायरमाणूस पांढरा आहे तो त्यामुळेच. आणि कार्बन ब्लॅक ही चुलीवरची काजळी नव्हे. भट्टीत हवा मोजून सोडतात, त्यात जड तेल अर्धवट जाळतात आणि कणांचा आकार ठरवून ते बनवतात. नेहमीच्या वापरातल्या एन-330 या प्रतीचा कण साधारण 30 नॅनोमीटरचा असतो, आणि एका ग्रॅमला जवळपास 75 ते 80 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. रबराची साखळी चिकटून बसते ती या पृष्ठभागावर.

हे चिकटणं डोळ्यांनी बघता येतं. क्युअर न केलेल्या (म्हणजे गंधकानं पक्कं न केलेल्या), काजळी मिसळलेल्या रबराचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून टोल्युइन या द्रावकात काही दिवस ठेवा. साधं रबर हळूहळू विरघळून जातं. इथे मात्र पिशवीत फुगलेला काळा, लिबलिबीत गोळा उरतो. कणांनी धरून ठेवलेलं रबर ते, द्रावकालाही सोडवता आलेलं नाही. खडूची जाडी भुकटी मिसळून हाच प्रयोग केला तर रबर जवळजवळ सगळं निघून जातं आणि भुकटी तळाशी बसते.

मजकूर लिहिणाऱ्याला राग काढायचाच होता तर तो या भुकटीवर काढायला हवा होता. खडू, चायना क्ले (पांढरी माती) यांची भरमसाट भर घालून माल स्वस्त करणारे आहेत, आणि अशा मालाचा कडकपणा वाढला तरी तो लवकर फाटतो. पायपुसण्याखालच्या रबराला ते चालून जातं. टायरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या थरात, चालणार नाही. भर आहे की नाही हे विचारून काही कळत नाही. कण किती बारीक आहे, रबराला किती धरतो आणि मिलवर किती नीट पसरला आहे, हे विचारायला हवं.

पाण्यात तरंगण्याच्या परीक्षेवर फार शब्द खर्च करण्यासारखं काही नाही. पाण्याची घनता 1 धरली तर कच्च्या रबराची 0.92 च्या आसपास, कार्बन ब्लॅकची 1.8. शंभर भाग रबरात पन्नास भाग ब्लॅक घातलं की उत्तम प्रतीच्या ट्रेडचा तुकडाही बुडणारच. उलट हवाई चपलेचा तळ भरपूर भर असूनही तरंगतो, कारण तो वायूच्या बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो.

राहिला काथ्या. टायरमध्ये धागे असतातच. नायलॉनच्या दोऱ्या रबराला चिकटाव्यात म्हणून रेसॉर्सिनॉल हे रसायन आणि लॅटेक्स (रबराचा चीक) यांच्या द्रावणात बुडवून घेतात, पोलादी तारांना पितळेचा मुलामा देतात, आणि तो मुलामा गंधकाशी जोडला जाऊन रबराला धरतो. हे सगळे अखंड धागे, टायर वजन पेलतो तो त्यांच्या जोरावर. काथ्या तुकड्यांनी मिसळला जातो. तुकड्यावर ताण येतो तो रबराबरच्या जोडातून. जोड कच्चा असेल तर धागा नुसता निसटतो. त्यात काथ्यात लिग्निन (लाकडाला कडक करणारा घटक) 40 टक्क्यांच्या आसपास असतं आणि त्याच्या आतले तंतू तिरके वळलेले असतात, त्यामुळे तो ताग किंवा सिसल (घायपाताच्या जातीचा धागा) यांच्यापेक्षा जास्त लांबतो पण कमी ताण घेतो. नैसर्गिक रबरात थोडाच तुकडा-धागा घातला तर मजबुती आधी चक्क घटते, कारण वर सांगितलेलं स्फटिकीभवन बिघडतं. कॉस्टिक सोड्यानं धुऊन, जोड पक्का करणारं रसायन घालून, मिलमधून धागे एका दिशेत काढले तर त्या दिशेला कडकपणा वाढतो, पण लवचीकपणा जातो. आपल्या पावसाळ्यात तर काथ्या ओल धरतो. न सुकवता साच्यात घातला तर 150 अंशांना त्या ओलाव्याची वाफ होते आणि मालात फोड येतात.

तरी काथ्या आणि चीक यांची जोडी खरोखर जमते अशी एक जागा आहे: रबराइज्ड काथ्याच्या गाद्या आणि सीट. तिथे पीळ दिलेला काथ्या स्प्रिंगचं काम करतो आणि फवारलेला लॅटेक्स धागे जिथे एकमेकांना टेकतात तिथे त्यांना बांधतो. त्यासाठी धुरावलेली शीट चालत नाही. चीक अमोनिया घालून टिकवावा लागतो आणि सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून) 60 टक्के रबरापर्यंत घट्ट करावा लागतो. सत्तरीतल्या बागायतदारांनी कुणाला जाब विचारायचाच असेल, तर आपला चीक गोळा करून घट्ट करण्याची सोय जवळपास कुठे होऊ शकते, हा विचारावा.