डब केलेले सिनेमे पाहू नका हो

घर सोडून परदेशात गेलेल्या कुटुंबांचे सिनेमे मी शोधून शोधून पाहते. ते मूळ भाषेतच पाहावेत, हे आता माझं ठाम मत आहे. सबटायटल वाचायचा कंटाळा येतो, कबूल. पण कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतंय, यातच तर अर्धी गोष्ट असते! डबिंगमध्ये सगळे एकाच भाषेत बोलायला लागतात आणि ती अर्धी गोष्ट पुसली जाते.

'द फेअरवेल' (2019) बघा. चीनमधल्या आजीला कॅन्सर झालाय आणि घरच्यांनी तो तिच्यापासून लपवलाय. अमेरिकेत वाढलेली नात आजीच्या समोरच डॉक्टरशी इंग्रजीत बोलते. आजीला त्यातलं काही कळत नाही. हा प्रसंग डब कसा करणार?

जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या 'अली: फिअर ईट्स द सोल' (1974) या सिनेमात म्युनिकमधल्या साठीच्या विधवेचं मोरोक्कोहून आलेल्या अलीवर प्रेम बसतं. भीती माणसाचा जीव खाते, हे अली मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगतो, आणि त्याचं ते चुकलेलं वाक्यच सिनेमाचं मूळ नाव आहे.

'मिनारी' (2020) तर अमेरिकन दिग्दर्शकाचा, घडतो अर्कान्सामध्ये. तरी संवाद बरेचसे कोरियन म्हणून गोल्डन ग्लोबला तो परदेशी भाषेच्या गटात गेला. मला याचा फार राग आला. घरात कोरियन बोलणारं कुटुंब अमेरिकेचं नाही का?

त्यात आजी कोरियाहून येते, बॅगेतून तिखट आणि सुकी मासळी काढते आणि लेकीला रडू फुटतं. नातू मात्र म्हणतो, आजीला कोरियाचा वास येतो.

हा सिनेमा मी आईबरोबर पाहिला. आई पहिल्यांदा ताईकडे न्यू जर्सीला गेली तेव्हा मीही सोबत होते. हॉलमध्ये जमिनीवरच बॅग उघडली. गोडा मसाला तीन पिशव्यांत घालून वर दोरा गुंडाळला होता. ताईने तो दातांनी तोडला, पिशवीत नाक खुपसलं आणि तशीच बसून राहिली. सहा वर्षांचा भाचा इंग्रजीत काहीतरी ओरडत आत पळाला. आई हसली होती.

परवा त्या प्रसंगाला आई म्हणाली, "थांबव गं जरा." मी थांबवला. ती बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"आपला पिंट्या तेव्हा काय म्हणाला होता गं? मला नुसतं त्याने नाक धरलेलं कळलं."

मी सांगितलं नाही.