‘ठेव अडकली? ९० दिवसांत पैसे परत’: फिरणाऱ्या संदेशातली अर्धी सत्ये

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हा संदेश तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘बँक, पतसंस्था किंवा मल्टिस्टेटमध्ये मुदत ठेव अडकली असेल तर घाबरू नका. संस्था नोंदणीकृत असेल तर पाच लाखांपर्यंत सरकारी विमा असतोच. बाकीच्या रकमेसाठी ग्राहक आयोगात साधा अर्ज करा. वकील नको, फी नको, ९० दिवसांत व्याजासह पैसे मिळतात. संस्थेकडे नसतील तर संचालकांची घरे विकून देतात. पोलिसांत मात्र जाऊ नका, खाती गोठतात आणि सगळ्यांचेच बुडते. तोवर पावतीचे नूतनीकरण करून घ्या, व्याज चालू राहील.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा तुकडा आहे. म्हणूनच तो पुढे ढकलला जातो. पण ज्याची निवृत्तीची रक्कम अडकली आहे असा माणूस त्यावर विसंबून सहा महिने शांत बसला, तर ते सहा महिने संस्थेच्या कामी येतात, त्याच्या नाही.

विम्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होते. पाच लाखांचे संरक्षण खरे आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते लागू आहे, त्याआधी ही मर्यादा एक लाख होती. मुद्दल आणि व्याज धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून पाच लाख. ते देते रिझर्व्ह बँकेची उपकंपनी असलेले ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी. पण ते देते बँकांतल्या ठेवींना: व्यापारी बँका, स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका, सहकारी बँका. पतसंस्था बँक नव्हे. तिथे काउंटर असते, पासबुक असते, काचेच्या केबिनमध्ये व्यवस्थापक बसतो, तरीही नव्हे. ‘नोंदणीकृत’ या शब्दाने लोक फसतात. पतसंस्थेची नोंदणी सहकार खात्याच्या निबंधकाकडे असते, मल्टिस्टेटची, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थेची, दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे. दोन्हींचा रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशी काही संबंध नाही. काही सहकारी संस्था नावात ‘बँक’ हा शब्द लावतात आणि सभासद नसलेल्यांकडूनही ठेवी घेतात, त्यांना ठेव विम्याचे संरक्षण नाही, असा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेनेच नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. वित्त कंपन्या आणि गृहकर्ज कंपन्यांच्या ठेवींनाही हा विमा नाही. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे ठेवीदार हे पुरते जाणतात. २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि अनेक मोठ्या ठेवीदारांच्या हाती मुद्दलाच्या चौथ्या हिश्श्याइतकेही पडले नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ‘तक्रार कुठे करू’ हा नाही, ‘मी पैसे ठेवले ती संस्था नेमकी कोण आहे’ हा आहे. पावतीवर बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक आणि कायद्याचे नाव असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०, की बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम २००२, की कंपनी कायदा? पुढचे सगळे रस्ते तिथून फुटतात.

आता ते ९० दिवस. हा आकडा दोन ठिकाणांहून येऊन एकमेकांत मिसळला असावा, असा माझा अंदाज आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर निर्बंध घातले की विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत द्यायची असते. ही तरतूद बँकेच्या ठेवीदारासाठी आहे आणि तिथे ती खरेच उपयोगी ठरली आहे. दुसरीकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ म्हणतो की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रयत्न व्हावा. मुदत पाळली नाही म्हणून तक्रार आपोआप मंजूर होत नाही.

जिल्हा आयोगात प्रत्यक्षात काय घडते? संस्थेला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, वाढवून ४५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिले आहे, आणि तक्रारदाराने हे पाठ करून ठेवावे असे आहे, कारण संस्थेचा वकील तारीख मागतो तेव्हा ते कामी येते. त्यानंतर दोन्हीकडची शपथपत्रे, युक्तिवाद, मधूनच अध्यक्ष किंवा सदस्याची जागा रिकामी. आदेश आलाच तर राज्य आयोगात अपील. तिथे संस्थेला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ही जमेची बाजू. संस्थेने अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त आणि कलम ७२ खाली शिक्षेची मागणी: एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण हे सगळे होईपर्यंत हातात असतो तो आदेश. संस्थेच्या तिजोरीत काही उरले असेल तरच तो वटतो.

म्हणून ग्राहक आयोग निरुपयोगी आहे का? अजिबात नाही, आणि संदेशातले हे एक वाक्य जवळपास बरोबर आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,०००. वकील सक्तीचा नाही. तक्रार संस्थेच्या गावी जाऊन करावी लागत नाही, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही चालते. आईवडिलांनी गावच्या पतसंस्थेत ठेवलेल्या पैशांवर तुमचेही नाव असेल, तर ही सोय फार मोठी आहे. ‘हा सहकारातला वाद आहे, कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जा’ हे उत्तर संस्था हमखास देते. तेही टिकत नाही. तामिळनाडूतल्या एका कृषी पतसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितले की ग्राहक कायदा हा इतर कायद्यांच्या जोडीला असलेला उपाय आहे, सहकार कायद्यामुळे तो बंद होत नाही. नव्या कायद्यात हेच कलम १०० मध्ये आहे.

मात्र तीन ठिकाणी हा रस्ता अडतो, आणि त्यांचा उल्लेख संदेशात कुठेच नाही.

एक, मुदत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ठेव परत न देणे हे चालू राहणारे कारण आहे, अशी भूमिका आयोगांनी अनेकदा घेतली आहे, पण त्या भरवशावर राहू नये.

दोन, संस्थेवर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, नेमला असेल तर राज्याच्या सहकार कायद्याचे कलम १०७ आडवे येते. अवसायनाचा आदेश झाला की निबंधकाच्या परवानगीशिवाय संस्थेविरुद्ध कारवाई चालत नाही. ही परवानगी न घेता दाखल केलेली तक्रार तांत्रिक कारणावर पडू शकते, आणि दरम्यान अवसायकाकडे दावा नोंदवायचा राहून जातो. कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली असेल तर तिथे स्थगिती लागते. मग आयोगाची वाट सोडून ठराविक दिवसांत दावा तिकडे दाखल करावा लागतो.

तीन, तुम्ही ‘ग्राहक’ आहात का? पतसंस्थेतल्या साध्या ठेवीदाराबाबत फारसा प्रश्न येत नाही. पण भागीदारी फर्ममध्ये, ओळखीच्या व्यापाऱ्याकडे चढ्या व्याजाने पैसे ‘ठेवणाऱ्यांनी’ सावध राहावे. एका फर्ममध्ये १८ टक्के व्याजाने पाच लाख ठेवलेल्या तक्रारदाराला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ग्राहक मानले नाही. ती नफ्यासाठी केलेली गुंतवणूक, व्यापारी व्यवहार, असे म्हणून.

संचालकांची घरे विकण्याचा मुद्दा ऐकायला गोड आहे. आयोगाने संचालकांना वैयक्तिक जबाबदार धरल्याचे आदेश पूर्वी भरपूर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१० मध्ये त्याला चाप लावला: कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय, निव्वळ संचालक आहेत म्हणून त्यांच्याकडून ठेवीची वसुली करता येणार नाही. ही पद्धत म्हणजे मुख्यतः राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी. कोणत्या संचालकाच्या कोणत्या निर्णयाने संस्थेचे किती नुकसान झाले ते त्यात ठरते आणि तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल होते. कार्यकाळातल्या निर्णयांची सामूहिक जबाबदारी कायद्याने संचालकांवर असते. तक्रारीत संचालकांची नुसती यादी जोडून काही साधत नाही. लेखापरीक्षण अहवाल, चौकशी अहवाल, विनातारण कर्जांचे तपशील जोडले तर साधते. हे कागद संस्था देणार नाही. सहकारी संस्था माहितीच्या अधिकारात थेट येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले, पण निबंधक कार्यालय येते आणि निबंधकाला जी माहिती मिळवण्याचा अधिकार आहे ती तिथून मागता येते. अर्ज तिकडे करा.

‘पोलिसांत जाऊ नका’ हे वाक्य कोणी लिहिले असेल, याची मला खरेच उत्सुकता आहे. ठेवीदाराचे हित त्यात मला तरी दिसत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे, सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. फसवून ठेव बुडवल्यास सहा वर्षांपर्यंत कैद. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थेची, प्रवर्तकांची, संचालकांची मालमत्ता शासन जप्त करू शकते, आणि ती नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या नावावर हलवलेली असली तर तिथपर्यंतही पोहोचू शकते. ग्राहक आयोगाकडे हे हत्यार नाही. विशेष न्यायालय त्या मालमत्तेतून ठेवीदारांना वाटप करते. खाती गोठतात हे खरे. पण गोठली नाहीत तर ती कोण उपसतो? ज्याच्या हातात सही आहे तो. आणि जप्त मालमत्तेवर तारणधारक बँका आधी हात मारतील या भीतीलाही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले आहे: एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर त्यांना अग्रक्रम सांगता येणार नाही.

याची दुसरी बाजू अशी की हा मार्ग संथ आहे. जप्ती, मूल्यांकन, लिलाव, हरकती यांत वर्षे जातात आणि हाती येते ते टप्प्याटप्प्याने. सहाराच्या चार बहुराज्य संस्थांचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ५,००० कोटी वळते करण्याचा आदेश दिला, जुलैत परताव्याचे पोर्टल उघडले, आणि सुरुवातीला प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा हजार. तरीही एवढ्या लोकांपर्यंत पैसा पोहोचला तो सामूहिक वाटपाच्या वाटेने, एकेकट्या तक्रारीने नव्हे. मल्टिस्टेटच्या सभासदांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने सहकार लोकपालही आणला आहे, ठेवींच्या तक्रारी त्याच्याकडे जातात. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरायला कायद्याची मनाई नाही: आयोगात तक्रार आणि आर्थिक गुन्हे शाखेत जबाब.

राहिले नूतनीकरण. माझ्या मते संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच. मुदत संपलेली पावती तुम्ही स्वतःच्या सहीने पुन्हा एक वर्षासाठी फिरवलीत, की आज संस्थेने काहीही थकवलेले उरत नाही. देय तारीख पुढे गेली. मग आयोगापुढे ‘मागूनही दिले नाही’ हे सिद्ध कशाने करणार? पासबुकात व्याज चढत राहते खरे, पण मुद्दलच मिळत नसताना तो निव्वळ आकडा असतो. नूतनीकरणासाठी मूळ पावती जमा करून घेतात आणि नवी ‘साहेबांच्या सहीसाठी’ आठवडाभर अडकते, हेही होते.

याच काळात पावत्या पडत्या भावात विकत घेणारे उगवतात. ‘शंभराचे तीस घ्या आणि मोकळे व्हा.’ विकत घेतलेली पावती एखादा थकबाकीदार कर्जदार पूर्ण किमतीने आपल्या कर्जात वळती करून घेतो. विकणाऱ्याचे सत्तर जातात, आणि त्या कर्जाच्या वसुलीतून बाकीच्या ठेवीदारांना जे मिळायचे तेही जाते. जळगावच्या बीएचआर या बुडालेल्या मल्टिस्टेट पतसंस्थेच्या प्रकरणात पोलिसांच्या तपासात असे व्यवहारही आले होते.

त्यापेक्षा मुदत संपली त्याच आठवड्यात एका पानाचे पत्र लिहा: पावती क्रमांक, रक्कम, देय तारीख, ‘नूतनीकरण नको, मुद्दल व व्याज माझ्या बचत खात्यात जमा करावे’. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टने मुख्य कार्यालयाला पाठवा आणि प्रत जिल्हा उपनिबंधकाला, मल्टिस्टेट असेल तर केंद्रीय निबंधकाला. मूळ पावती देऊ नका, तिच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत द्या.