साठा आणि धार: ‘मुंबई हाय’वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

‘मुंबई हाय आटतंय, नागपूरकरांनो जागे व्हा’ या मागच्या लेखाची तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: ओएनजीसी ही सरकारी तेलकंपनी दर वर्षी नवे शोध जाहीर करते, तेव्हा ‘आटतंय’ म्हणणं ही निव्वळ घबराट. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातलं तीसेक टक्के तेलच आजवर वर आलं, उरलेलं सत्तर टक्के खालीच आहे. नागपूर कोळशावर जगतं, आपल्याला समुद्राचं काय? आणि शेवटचा टोला: ‘एवढं ज्ञान आहे तर गाडीला सीएनजी किट बसवू की नको तेवढं सांगा.’

शीर्षकाबद्दल तुमचं बरोबर आहे. विहीर आटली की बादली कोरडी येते. मुंबई हायची बादली अजून भरूनच येते, फक्त तिच्यात तेल कमी आणि पाणी जास्त असतं. शीर्षक बदललं आहे. बाकी मुद्द्यांवर मात्र माघार नाही.

सत्तर टक्क्यांपासून सुरू करू. उन्हाळ्यात नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचे आकडे पेपरात येतात: उपयुक्त साठा इतका, मृत साठा इतका. २०१९ मध्ये मृत साठ्यातलंही पाणी घ्यायची पाळी आली होती. पाणी ‘असणं’ आणि पाणी ‘मिळणं’ यातला फरक नागपूरला समजावून सांगायची गरज नाही. तेलाचं त्याहून अवघड आहे, कारण खाली तळं नाहीच. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाच्याही खाली हजार-बाराशे मीटरवर चुनखडीचे थर आहेत आणि त्यांच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं आहे. वीट तेलात बुडवून काढा आणि मग तिच्यातलं तेल परत वाटीत घ्यायचा प्रयत्न करा. काही थेंब आपोआप गळतील, काही पाण्याच्या जोराने निघतील, बरंचसं विटेलाच धरून बसेल. ते धरून बसणं केशाकर्षणाचं आहे, कुणाच्या आळसाचं नाही.

म्हणून तेलाच्या धंद्यात ‘साठा’ या शब्दाला नेमका अर्थ आहे: आजच्या तंत्राने, आजच्या भावात, परवडून निघेल तेवढाच. त्यातही तीन पायऱ्या. खात्रीचा साठा म्हणजे निदान तेवढं निघण्याची शक्यता ९० टक्के. त्यात संभाव्य मिळवला की ती ५० टक्क्यांवर येते, आणि शक्य कोटीतलाही धरला की १० टक्क्यांवर. तुम्ही म्हणता ते सत्तर टक्के यातल्या कुठल्याच खान्यात पूर्ण बसत नाहीत. ते खडकातलं तेल आहे, साठा नव्हे. त्यातले दोन-चार टक्के जरी जास्तीचे निघाले तरी ती मोठी गोष्ट असते, आणि त्यासाठीच हजारो कोटी ओतले जातात.

आता खरा मुद्दा, जो मूळ लेखात मी दोन ओळींत उरकला. ती माझी चूक. साठा किती, यापेक्षा रोजची धार किती, यावर पुरवठा ठरतो.

मुंबई हायचा शोध १९७४ चा, उत्पादन मे १९७६ पासून. १९८५ च्या सुमारास रोज चार लाख पिंपांच्या (बॅरलच्या) घरातला कळस गाठला. २०२४ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक भागीदारासाठी निविदा काढली तेव्हाचा आकडा रोज १ लाख ३४ हजार पिंपांच्या घरातला. ३९ वर्षांत तिसरा हिस्सा उरला. वर्षाला सरासरी घट काढली तर पावणेतीन-तीन टक्के येते. ‘एवढीच?’ असं वाटेल. पण ही घट नवनव्या विहिरी खोदून, जुन्यांना फाटे काढून, नवे प्लॅटफॉर्म उभारून इतकी रोखलेली आहे. काहीच न करता सोडलं तर म्हातारं क्षेत्र याहून बरंच वेगाने घसरतं. नुसती ७ टक्के घट धरली तरी दहा वर्षांत उत्पादन निम्म्यावर येतं.

घसरतं कसं, ते जरा जवळून बघू.

सुरुवातीला खडकातला दाब स्वतःच तेल वर ढकलतो. दाब उतरला की समुद्राचं पाणी खाली भरून तो टिकवावा लागतो. हे पाणी जसंच्या तसं ढकलता येत नाही. आधी बारीक गाळायचं, नाहीतर खडकाची छिद्रं बुजतात. मग त्यातला ऑक्सिजन काढायचा, नाहीतर पोलादी नळ्या आतून खातात. मग जंतुनाशक घालायचं, कारण पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणजे गोडा वायू आंबट होतो, विषारी होतो आणि नळ्याही सडवतो. शिवाय समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातलं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम एकत्र आलं की नळीत पांढरा दगड बसतो. नागपुरात बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो थर चढतो त्याचा हा मोठा भाऊ, फरक एवढाच की बेरियम सल्फेट आम्लालाही दाद देत नाही. खरवडून किंवा खास रसायनाने काढावं लागतं, तोवर विहीर बंद.

हे सगळं नीट केलं तरी पाणी शहाण्यासारखं वागत नाही. मुंबई हायचा मुख्य थर एकसंध नाही. चुनखडीच्या अनेक पट्ट्या आहेत आणि मधे शेल या मातकट खडकाचे पातळ पापुद्रे. भरलेलं पाणी जिथे वाट मोकळी तिथूनच धावतं आणि शेजारच्या घट्ट पट्टीतलं तेल जागच्या जागी ठेवून उत्पादन विहिरीत येऊन पडतं. काटोल-वरुडच्या संत्राबागेत पाटाचं पाणी सोडल्यावर ते भेगेतून सरळ बांधाला जातं आणि झाडाचं आळं कोरडं राहतं, तसंच. एकदा पाण्याला वाट सापडली की ती सापडली.

मग हिशेब असा होतो. विहीर रोज १,००० पिंपं द्रव देते. त्यात पाणी ८० टक्के असेल तर तेल २०० पिंपं. पाणी ९० टक्क्यांवर गेलं की तेल १००. विहीर तीच, द्रव तेवढाच, कॉम्प्रेसर-पंपांचा खर्च तेवढाच, उलट पाणी वेगळं करून साफ करायचा खर्च वाढला, आणि तेल निम्मं. प्लॅटफॉर्मची पाणी हाताळायची क्षमता ठरलेली असते. ती भरली की सगळ्यात जास्त पाणी देणारी विहीर बंद करावी लागते, आणि तिच्यातलं उरलेलं तेलही तिच्याबरोबर अडकतं.

पाण्याने स्तंभ जड झाला की तेल आपल्या जोरावर वर येत नाही. मग गॅस लिफ्ट: वायू दाबून नळीच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत सोडायचा, ठरावीक खोलीवरच्या झडपांमधून तो आत शिरतो, द्रव हलका होतो, वर येतो. पण यात एक पेच आहे. कॉम्प्रेसर बंद पडला की त्यावरच्या सगळ्या विहिरी एकदम बसतात, आणि पुन्हा उठवताना एकेक करून उठवाव्या लागतात. समुद्रात मोठी बांधणी करायला पावसाळा सोडून आठेक महिने मिळतात. जूनमध्ये पाण्याखालची वाहिनी फुटली तर पक्की दुरुस्ती दिवाळीच्या आसपास जाते. हे नुसतं यंत्रांचंच नाही. २७ जुलै २००५ रोजी ऐन पावसाळ्यात एक जहाज मुंबई हाय नॉर्थच्या वायू वाहून नेणाऱ्या नळीवर आदळलं, प्लॅटफॉर्म जळून गेला आणि २२ माणसं गेली.

नव्या शोधांबद्दल थोडक्यात. शोध म्हणजे धार नव्हे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ९८/२ या खोल समुद्रातल्या गटाच्या विकासाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पहिलं तेल आलं जानेवारी २०२४ मध्ये. शेजारच्या केजी-डी६ मध्ये रोज ८ कोटी घनमीटर वायूची योजना होती. २०१० मध्ये ६ कोटींच्या वर गेलं आणि विहिरींत पाणी-वाळू शिरून कोसळलं. पुढे त्याच गटातल्या दुसऱ्या क्षेत्रांमुळे सावरलं, हेही खरं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायसाठी तांत्रिक भागीदार म्हणून बीपी या ब्रिटिश तेलकंपनीची निवड झाली आणि ‘६० टक्क्यांपर्यंत वाढ’ अशी बातमी आली, तीही तुम्ही दिली आहे. ती वाढ आधाररेषेच्या तुलनेत आहे. आधाररेषा म्हणजे वेगळं काही न करता जेवढं निघालं असतं ते. आणि म्हाताऱ्या क्षेत्रात ती रेषा स्वतःच उताराला लागलेली असते. प्रयत्न चांगला आहे, करायलाच हवा. पण १९८५ परत येणार नाही.

आता ‘नागपूर कोळशावर जगतं’.

विजेपुरतं खरं. कोराडी, खापरखेडा, मौदा, चंद्रपूर, सगळे कोळशाचे. पण उमरेडच्या खुल्या खाणीतला डंपर डिझेलवर चालतो आणि थंड पडलेला बॉयलर पेटवायला आधी तेलच लागतं. संध्याकाळी सौरवीज मावळते आणि मागणी चढते, तेव्हा भराभर उचल घेणारं संयंत्र वायूचं. उरणचं ६७२ मेगावॉटचं केंद्र वायूअभावी वर्षानुवर्षं अर्धपोटी चालतं. युरिया वायूपासूनच बनतो, पण त्याची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांत मिळते म्हणून वायूची टंचाई त्याला दिसत नाही. ती अनुदानाच्या खात्यात दिसते.

सीएनजीवाल्याला मात्र थेट दिसते. मुंबई हाय, वसई अशा जुन्या क्षेत्रांतला वायू सरकारी सूत्राने स्वस्त दिला जातो: भारतीय कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के, वर मर्यादा. ही मर्यादा २०२३ मध्ये दर एमएमबीटीयूला (वायूतली उष्णता मोजायचं एकक) साडेसहा डॉलर होती, एप्रिल २०२५ मध्ये ती पावणेसात झाली. यात पहिला मान वाहनांच्या सीएनजीला आणि घरगुती नळाच्या वायूला. पण क्षेत्रं घटत आहेत आणि नवनवी शहरं रांगेत येत आहेत. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहर वायू कंपन्यांचा हा स्वस्त वाटा लागोपाठ दोनदा, दर वेळी साधारण पाचव्या हिश्श्याने, कापला गेला. काही भाग पुढे परत मिळाला. उरलेली तूट महागड्या नव्या विहिरींच्या वायूने किंवा आयात एलएनजीने, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या वायूने, भरायची.

त्याचा किलोमागे अर्थ काय? एका एमएमबीटीयूत साधारण साडेएकोणीस किलो सीएनजी बसतो. डॉलर ८५ रुपये धरला तर वायू एक डॉलरने महाग झाला की किलोमागे साडेचार रुपयांच्या आसपास वाढ, कर वेगळा. स्वस्त वायू पावणेसात डॉलरचा आणि आयात बारा डॉलरचा धरा: सवापाच डॉलरचा फरक, म्हणजे किलोला २३ रुपये. निम्मा वायू बदलला तर साडेअकरा.

नागपूरने याचं टोक पाहिलं आहे. वाहिनी नव्हती, म्हणून दहेजहून उणे १६२ अंशांचा एलएनजी टँकरने यायचा. रस्ता आठशे किलोमीटरच्या आसपास, एका टँकरमध्ये १७ टनांच्या आगेमागे, म्हणजे आठ-आठ किलोने दोन हजारांवर गाड्या. पंपावर तो द्रवच २५० बारच्या घरात दाबायचा, मग हवेवर तापणाऱ्या, बाहेरून पंख असलेल्या नळ्यांतून सोडून वायू करायचा, वास मिसळायचा, कारण एलएनजीला वास नसतो, आणि बाटल्यांत भरायचा. पंप आधी नीट थंड केला नाही तर द्रव पंपातच उकळतो आणि पंप नुसताच फिरतो. मे महिन्यातल्या नागपुरात टँकर दोन दिवस उभा राहिला तर दाब चढतो आणि काही वायू सोडून द्यावा लागतो. या सगळ्यावर २०२२ मध्ये युक्रेन युद्धाचा भाव बसला आणि इथला सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला, देशात सगळ्यात महाग. समृद्धी महामार्गाच्या कडेने जाणारी मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी टँकरचा खर्च वाचवेल. वायूचा भाव ती ठरवणार नाही.

राहता राहिली किट. हिशेब स्वतः मांडा: पेट्रोलचा भाव भागिले लिटरमागे किलोमीटर, वजा सीएनजीचा भाव भागिले किलोमागे किलोमीटर. उदाहरणादाखल पेट्रोल १०४ आणि १५ किलोमीटर, सीएनजी ९० आणि २२ किलोमीटर धरा. किलोमीटरला २ रुपये ८४ पैसे वाचतात. ६० हजारांची किट २१ हजार किलोमीटरमध्ये सुटते. तोच सीएनजी १२० झाला तर बचत १ रुपया ४८ पैसे आणि किट सुटायला साडेचाळीस हजार किलोमीटर. महिन्याला हजाराच्या आत गाडी चालत असेल तर माझ्या मते नको. ऑटो, टॅक्सी किंवा रोज बुटीबोरीला जाऊन-येऊन असाल तर १२० च्या भावातही दोन-तीन वर्षांत सुटेल. बसवलीच तर टाकीवर पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मान्यता बघून घ्या आणि दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. ज्या पेसोचा हा शिक्का, तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे.