एक स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर
नमस्कार सर, तुमच्या कंपनीच्या डेटाचा बॅकअप आम्ही बघतो, त्यामुळे आधी सॉरी. शनिवारी सकाळी तुमचे चार फोन आमच्याकडून उचलले गेले नाहीत, ती चूक आमचीच. पण "बॅकअप नव्हताच, दोन दिवस कंपनी बंद, पैसे पाण्यात" हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण बॅकअप होता म्हणूनच तर आज तुमची बिलं निघतायत.

आणि दोन दिवस नाही सर, 27 तास. शुक्रवारी संध्याकाळी 7 ला तुमच्या सर्व्हरच्या डिस्क गेल्या, आमचा मुलगा नवीन डिस्क घेऊन नारायण पेठेतून भर ट्रॅफिकमधे भोसरीला पोचला आणि 9 ला त्याने रिस्टोर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत भरणं, लावला सुद्धा. तुमचा डेटाबेस 9 टीबीचा, बॅकअपच्या बॉक्सपासून सर्व्हरपर्यंत लाइन 1 गिगाबिटची, त्यातून सेकंदाला जेमतेम 110 एमबी जातं, आता तुम्हीच भागाकार करा, रविवारचा नुसता फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची कॉपी, परत भरायलाच 23 तास होतात. त्यावर गुरुवार रात्रीची डिफरन्शियल, म्हणजे रविवारनंतर बदललं तेवढंच, मग दर 15 मिनिटांच्या लॉगच्या, म्हणजे त्यानंतरच्या नोंदींच्या, 72 फायली एकामागून एक, मधली एक जरी खराब निघाली असती तरी पुढचं सगळं अडकलं असतं. एकही निघाली नाही. डेटा गेला तो फक्त 11 मिनिटांचा, हे मात्र रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

बरं, हे 23 तास मी आत्ता नाही सांगत, कोटेशनच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय. लाइन वेगवान व्हावी म्हणून 10 गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि स्विच घ्या म्हटलं होतं. 2011 पासूनची स्कॅन केलेली चलनं आधीच कॉम्प्रेस झालेली असतात, बॅकअपमधे ती अजून दबत नाहीत, ती वेगळ्या रीड-ओन्ली फाइलग्रुपमधे, म्हणजे डेटाबेसच्या फक्त वाचता येणाऱ्या कप्प्यात, टाकू म्हटलं होतं, म्हणजे त्यांचा बॅकअप एकदाच घ्यायचा आणि काही झालं तर चालू वर्षाचं आधी वर आणायचं, जुनं मागून सावकाश. तुम्ही म्हणालात, दिवाळीनंतर बघू. चहाही पाजलात, म्हणून जरा जास्तच लागलं.

आमचं अजून एक चुकलं, पूर्ण 9 टीबीचा रिस्टोर आधी कधी करून बघितला नाही, 300 जीबीवर भागवलं. आता करू, आणि शनिवार-रविवारच्या फोनचंही काहीतरी बघतो.

स्टार वाढवा म्हणत नाही सर. "बॅकअप नव्हताच" एवढं वाक्य तेवढं काढा, नवीन गिऱ्हाईक पहिलं तेच वाचतं.