परदेशातून : नोंदी बाहेर कशा पडतात?

महाराष्ट्रातील संग्रहालये आणि दप्तरखाने यांच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. सॉफ्टवेअर देशी घ्यावे की परदेशी, हा पहिला. आणि आपल्या नोंदी बाहेरच्यांना का द्यायच्या, हा दुसरा. जर्मनीतील एका लहान प्रादेशिक संग्रहालयात नोंदणीचे काम करताना मला पहिला प्रश्न मुळातच चुकीच्या जागी उभा केलेला वाटतो. इथेही सॉफ्टवेअर बदलते, ते पुरवणाऱ्या कंपन्या बंद पडतात, निवृत्त झालेल्या कुणा उत्साही कर्मचाऱ्याने फाइलमेकरमध्ये रचलेला डेटाबेस नव्या प्रणालीत हलवावा लागतो. या सगळ्यातून टिकायची ती नोंद, आणि ती टिकते केवळ जुन्या प्रणालीतून धडपणे बाहेर काढता आली तर.

देशी पर्याय नाहीत असे नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने केलेले ‘जतन’ हे सॉफ्टवेअर केंद्र सरकारच्या संग्रहालयांत वापरले गेले आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय व कोलकात्याचे इंडियन म्युझियम यांच्यासारख्या संस्थांमधील वस्तू त्यामुळे एका संकेतस्थळावर पाहता येऊ लागल्या. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे कागदपत्रांचे संकेतस्थळही आहे. मात्र वस्तू पडद्यावर दिसणे आणि तिची नोंद दुसऱ्या संस्थेच्या डेटाबेसला वाचता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिली साधली की दुसरीही साधली असे धरून चालतात.

युरोपात ही दुसरी गोष्ट साधण्यासाठी ‘लिडो’ नावाचा एक्सएमएल आराखडा, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला ठरलेले नाव देणारा साचा, २०१० पासून वापरात आहे. संग्रहालय आत कोणतेही सॉफ्टवेअर वापरो, बाहेर पाठवताना नोंद या आराखड्यात बसवायची, म्हणजे जर्मनीचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय किंवा २००८ साली सुरू झालेले ‘युरोपियाना’ हे युरोपभरच्या संस्थांचे सामायिक संकेतस्थळ ती स्वीकारू शकते. लिडोची रचना घटनाकेंद्री आहे : वस्तू घडवली गेली, सापडली, वापरली गेली, संग्रहात आली, अशा प्रत्येक घटनेला स्वतःची व्यक्ती, स्थळ आणि काळ. याचा अर्थ इथे सारे आलबेल आहे असा कुणी घेऊ नये. आराखडा इतका सैल आहे की दोन संग्रहालयांच्या नोंदी नियमाप्रमाणे बरोबर असूनही एकमेकींशी जुळत नाहीत, आणि कित्येक संस्था ‘पेटी, लाकूड, १९वे शतक’ एवढाच सांगाडा पाठवून मोकळ्या होतात.

तरीही त्यातील एक सोय मराठी कागदांच्या दृष्टीने मोलाची आहे. लिडोमध्ये काळाची नोंद दोन प्रकारे ठेवता येते : वाचकाला दाखवायचा मजकूर वेगळा, आणि संगणकाने शोधण्यासाठी सर्वांत आधीचे व सर्वांत नंतरचे वर्ष वेगळे. पेशवाईतील एखाद्या मोडी पत्रावर ‘सन तिसा सितैन मया व अलफ’ असे असेल, तर ते अरबी संख्याशब्दांत लिहिल्या जाणाऱ्या सुहूर कालगणनेतील सन ११६९ झाले, म्हणजे १७६८च्या उन्हाळ्यापासून १७६९च्या उन्हाळ्यापर्यंतचे वर्ष. सर्वसाधारण डेटाबेसमधील तारखेचा रकाना दिवस, महिना आणि इसवी सनाचे वर्ष मागतो; मग नोंद करणारा बिचारा १ जानेवारी १७६८ असे काहीतरी ठोकून देतो, मूळ शब्द कायमचे जातात, आणि पुढच्या अभ्यासकाला ही तारीख कागदावरची की कारकुनाच्या सोयीची हे कळायला मार्ग उरत नाही. शके, सुहूर, फसली, हिजरी आणि राजशक अशा पाच कालगणना ज्यांच्या दप्तरांत नांदतात, त्यांनी तरी खरेदीच्या वेळी हा रकाना आधी पाहायला हवा.

दुसरे उदाहरण वाघनखांचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती २०२४ साली साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली, तेव्हा खरी की खोटी यावर आपल्याकडे बरीच धूळ उडाली. त्या संग्रहालयाची स्वतःची नोंद मात्र सावध आहे. पेटीवरील मजकुरानुसार ही शिवाजी महाराजांची वाघनखे असून ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली; महाराजांनी वापरली ती हीच का, याची खात्री करता आलेली नाही, असे संग्रहालय सांगते. ‘मालक’ अशा एका रकान्यात हे बसणार नाही. कोण काय म्हणतो, कशाच्या आधारे म्हणतो आणि ते पडताळले आहे की नाही, हे वेगवेगळे नोंदवता आले आणि तसेच्या तसे पुढे पाठवता आले, तरच नोंद प्रामाणिक राहते. एरवी देवाणघेवाणीत पहिला बळी शंकेचा जातो.

अभिलेखागारांची अडचण आणखी निराळी. संग्रहालय एकेका वस्तूची नोंद करते, तर कागदाचा अर्थ तो कोणत्या दप्तरातल्या कोणत्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, होता यावर अवलंबून असतो. म्हणूनच अभिलेखांसाठी ‘ईएडी’ हा उतरंड राखणारा वेगळा आराखडा १९९८ पासून आहे. दोघांना एकाच सपाट तक्त्यात कोंबणारे सॉफ्टवेअर स्वस्त पडले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदी बाहेर द्याव्यात का, या प्रश्नामागची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या संस्थांनी घेतला आहे. पण देणे म्हणजे सगळेच देणे नव्हे. वस्तूची साठवणीतील जागा, विम्याची किंमत, देणगीदाराचा पत्ता हे रकाने इथेही बाहेर जात नाहीत. युरोपियानाने २०१२ पासून वर्णनात्मक नोंदी सर्वांना मुक्त केल्या, तरी छायाचित्रांचे हक्क स्वतंत्रपणे ठरतात आणि प्रत्येक नोंदीबरोबर मूळ संस्थेचे नाव व दुवा राहतो. श्रेय हवे असेल तर नोंद कपाटात ठेवण्यापेक्षा हा मार्ग जास्त भरवशाचा आहे.

आपल्याकडचा खरा अडथळा याहून किरकोळ वाटणारा आहे. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेल्या मराठी नोंदी बाहेर काढल्या की निरर्थक रोमन अक्षरांची रांग हाती येते, आणि एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल उघडताच ‘५/१२’सारख्या इंग्रजी अंकांत टंकलेल्या दाखल क्रमांकाची चक्क तारीख होते. म्हणून निविदेत एक अट घालावी : नमुन्याच्या शंभर नोंदी पुरवठादाराने स्वतःच्या प्रणालीतून काढून दुसऱ्याच कुणाच्या प्रणालीत भरून दाखवाव्यात आणि मगच पैसे घ्यावेत. त्या नोंदींची तपासणी संगणक विभागाकडे न देता रुमाल सोडून मोडी वाचणाऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावी, कारण सुहूर सन गळाला आहे हे त्याच्याच लक्षात येणार.