बुरशीचे लाड

गणपतीला घरच्या जास्वंदीचे फूल वाहावे, ही आईची इच्छा पिठ्या ढेकणांनाही मान्य असावी. कारण आमच्या गॅलरीतली जास्वंद कळीवर आली की देवाच्या आधी तेच हजर होतात. देठाच्या बेचक्यातला पांढरा पुंजका काडीने उकलला की आत शेकडो अंडी आणि अंगावर मेणाचा थर चढवून बसलेली मादी सापडते. त्या मेणावरून नुसते पाणी ओघळून फवारणाऱ्याच्या पायावर येते.

कृषी सेवा केंद्रातून मी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मित्रबुरशी आणली. शास्त्रज्ञांनी मागेच तिचे नाव बदलून लेकॅनिसिलियम केले, पण दुकानातल्या पुड्यांना ते अजून कोणी कळवलेले दिसत नाही. ही बुरशी किडीच्या अंगावर रुजते, कातडी भेदून आत शिरते आणि तिचा जीव घेते, असे ऐकून होतो. प्रत्यक्षात मारेकरी म्हणून घरी आणलेली ही बया धोंड्याच्या महिन्यातला जावई निघाली. तिला ऊन सोसत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. कोरडी हवा मानवत नाही, म्हणून कुंड्यांभोवती पाणी शिंपडायचे. आणि लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम भुकटी कालवून वर थोडे दूधही घालायचे. नैवेद्याचे दूध कुठे चालले आहे हे कळल्यावर आईने, "साखर नको का तिला?" एवढेच विचारले. दुधाऐवजी गूळही चालतो, हे मी तिला सांगितले नाही.

मधल्या काळात निंबोळी तेल. लिटरला ५ मिली, साबणाच्या पाण्यात फेसाळून, तेही उन्हे उतरल्यावर, नाहीतर पाने करपतात. तेलाने किडीची श्वासरंध्रे बुजतात, असे म्हणतात. त्या वासाने घरातल्या माणसांची बुजतात, हे मी खात्रीने सांगू शकतो.

खरा वैताग मुंग्यांचा. ढेकूण झाडाचा रस पिऊन जो गोड चिकटा टाकतात, त्याच्या लोभाने मुंग्या त्यांची राखण करतात, शिवाय पिल्लांना या फांदीवरून त्या फांदीवर नेऊन सोडतात. त्याच चिकट्यावर काळी बुरशी मात्र दूध-गूळ न मागता, भर उन्हाळ्यातही, झकास वाढते.

पावसाळी हवा आली आणि आमची बुरशी एकदाची कामाला लागली. पण तिने मारलेल्या किडीवरही पांढरीच लव येते, त्यामुळे मेलेला कोण आणि जिवंत कोण, हे भिंगातूनही कळत नाही. सध्या मी रोज सकाळी काडी घेऊन एकेकाला टोचून पाहतो. हलला तर तेलाची बाटली काढतो, न हलल्यास पुढच्याकडे वळतो.