लुसिया बेनेदेत्तींचं श्रेय: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्राझीलच्या लेखिका लुसिया बेनेदेत्ती यांच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

तुमचे आक्षेप तीन. ब्राझीलच्या बालरंगभूमीचा पाया मारिया क्लारा माशादू यांनी घातला असताना मी लुसिया बेनेदेत्तींना उगाच पुढे आणलं. बेनेदेत्तींच्या परीकथेच्या वळणाच्या एका नाटकात एवढं काय होतं? आणि ते नाटक गाजलं ते त्यांच्या लेखक पतीच्या वजनामुळे.

पहिले दोन एकदमच घेते, कारण त्यांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. बेनेदेत्तींचं ते नाटक, 'ओ काझाकू एंकांतादू', म्हणजे 'जादूचा कोट', १९४८ मध्ये रिओ दि जानेरोत रंगमंचावर आलं. माशादूंची 'ताब्लादू' ही नाट्यसंस्था १९५१ ची, त्यांचं सर्वांत लाडकं नाटक 'प्लुफ्त' १९५५ चं. पण नुसत्या सनावळीवर मी वाद घालणार नाही. त्याआधी काय होतं ते पाहा. ओलावू बिलाक आणि कोएल्यू नेतू या मोठ्या लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या नाटुकल्यांचं पुस्तक १९०५ मध्येच निघालं होतं. म्हणजे संहिता होत्या. मात्र त्या शाळा-घरांतल्या समारंभांसाठी. मुलांनी पाठ करायच्या, मुलांनीच सादर करायच्या, मोठ्यांनी कौतुकानं बघायच्या, आणि बोध ठरलेला. मूल तिथे नट होतं. प्रेक्षक म्हणून त्याचा विचार कुणी केला नव्हता.

बेनेदेत्तींच्या नाटकानं हे उलटं केलं. आंरिएत मोरिनो ही फ्रान्समध्ये जन्मलेली, रिओत नाव कमावलेली अभिनेत्री. तिच्या व्यावसायिक कंपनीनं हे नाटक करायला घेतलं. एरवी मोठ्यांची नाटकं करणारे कसलेले नट मुलांसाठी उभे राहिले, आणि तेही मोठ्यांच्या नाटकाइतक्याच गांभीर्यानं. मुलांच्या नाटकावर व्यावसायिक कंपनीनं पैसा आणि मेहनत लावावी, ही गोष्ट या प्रयोगामुळे तिथे शक्य कोटीत आली. पुढे इतरांनीही तो रस्ता धरला. तेव्हा कथानकात चेटूक होतं की अजून काही, हा मुद्दा माझ्या दृष्टीनं फार दुय्यम आहे.

माशादूंचं मोठेपण मला कमी करायचं नाही, आणि मूळ लेखातही केलेलं नाही. माणसं खरंच असतात का, असं आईला विचारणारं 'प्लुफ्त'मधलं भुताचं भित्रं पोर ज्यांना सुचलं, त्यांच्याबद्दल मला अपार प्रेम आहे. काव्य त्यांच्याकडे जास्त आहे, हेही मानते. शिवाय त्यांनी संस्था उभारली, नटांच्या पिढ्या घडवल्या, म्हणून त्यांचं नाव टिकलं. बेनेदेत्तींच्या मागे अशी संस्था नव्हती. पण संस्था नसणाऱ्याचं श्रेय संस्था असणाऱ्याच्या खात्यात जमा करणं मला पटत नाही. रंगभूमीच्या इतिहासात हे फार वेळा होतं.

आता पतीचा मुद्दा, जो मला खरोखर लागला. रायमुंदू मागाल्याइंस ज्युनियर नामवंत पत्रकार, नाटककार, चरित्रकार होते, हे खरं. पण ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर त्यांची निवड झाली १९५६ मध्ये, म्हणजे 'जादूचा कोट'नंतर आठ वर्षांनी. आणि बेनेदेत्ती काही नाटकामुळे अचानक लेखिका झाल्या नव्हत्या. 'एंत्रादा दि सेर्विसू' ही त्यांची कादंबरी १९४२ ची. रिओतल्या इमारतींना नोकरमाणसांसाठी जे वेगळं, मागचं दार असतं, त्याचं नाव त्यांनी पुस्तकाला दिलं. मुलांसाठी लिहायला बसली ती हाताला वळण पडलेली कादंबरीकार होती. दोघं लिहिणारी असली की बायकोच्या यशाचा हिशेब नवऱ्याकडे मागायचा, ही सवय आपण सोडायला हवी. उलटा हिशेब कुणी मागत नाही.

एकाच नाटकावर त्यांची कारकीर्द संपली, असंही तुम्ही सुचवलंय. तसं नाही. मुलांसाठी त्या पुढेही लिहीत राहिल्या, आणि १९६९ मध्ये बालरंगभूमीच्या विविध अंगांचा विचार करणारं त्यांचं स्वतंत्र पुस्तक आलं.

त्यांची मुलगी रोझा मागाल्याइंस रिओच्या कार्निव्हलमधल्या सांबा मिरवणुकींची थोर संकल्पनाकार, त्यांच्या स्पर्धेत सात विजेतेपदं मिळवणारी. तिचा उल्लेख मी लेखात एका ओळीत उरकला, ही तुमची शेवटची तक्रार. ते मी ठरवूनच केलं. त्या लेखात मला लुसियाबाईंबद्दल फक्त त्यांच्या स्वतःच्या कामावरून बोलायचं होतं. रोझावर लिहायचं तर पूर्ण लेख लागेल, आणि तो मी लिहिणार आहे.